चारीत गवत लावा, पण संडासाचं पाणी आधी बंद करा

सोलापूर दुष्काळी जिल्हा खरा, पण इथला पाऊस येतो तो एकदमच येतो. सर्वांत जास्त सप्टेंबरात, आपला वर्षावास संपत आलेला असतो तेव्हा. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस कोणी विसरलेलं नाही. रस्त्याकडेची चारी तुंबली की पाणी आधी खालच्या अंगाच्या वस्तीत शिरतं, आणि खालच्या अंगाला कोणाची घरं असतात हे सांगायला नको.

पाणी ओसरतं, आजार राहतात. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. मधल्या काळात पाईप रिकामा. तो गटारातून गेलेला आणि फुटका असेल तर घाण आत ओढली जाते आणि पुढच्या पाण्यासोबत हंड्यात येते. जुलाब, कावीळ, टायफॉइड असे घरात येतात. साचलेल्या घाण पाण्यातला क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो, आणि सोलापूर हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो. भेगाळल्या टाचांनी त्या पाण्यातून चाललं तर उंदराच्या मुतातून लेप्टोही होतो.

मग चारीत झाडं लावून काय होतं? उथळ, उतरत्या काठांच्या मातीच्या चारीत गवत असलं की पाण्याचा जोर कमी होतो, गाळ तिथेच बसतो, मुळांवाटे पाणी जमिनीत उतरतं. अडचण आपल्या काळ्या मातीची. ती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून खाली हातभर खोल खडी-मुरूम भरावा लागतो आणि उतार राखावा लागतो. माझी कसोटी साधी आहे: पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चारी कोरडी व्हायला हवी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो; त्याआधी पाणी गेलं पाहिजे.

तळाला वाळा लावा. त्याची मुळं खोल जातात, उन्हाळाही तो काढतो. काठाला हरळी. लव्हाळा आपोआप येतोच. बेशरम मात्र उपटून टाका, ती चारी अडवते. जलपर्णीही नको. आणि तुमच्या चारीत पाणकणीस बारा महिने हिरवंगार डोलत असेल तर खूश होऊ नका. त्याला कायम ओल लागते. एप्रिलमध्येही ते हिरवं आहे म्हणजे तिथे पावसाचं नाही, सांडपाणी साचतंय.

सांडपाणी वाळ्याच्या चारीने शुद्ध होत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने त्यासाठी ‘फायटोरिड’ पद्धत काढली आहे. तिथेही झाडंच असतात, पण पाणी खडीच्या वाफ्यातून आतल्या आत वाहतं, उघडं राहत नाही. ते मोजूनमापून करायचं काम आहे. ‘झाडं लावली, आता ड्रेनेज कशाला’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

(सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचं स्तंभलेखात कोरून ठेवलंय. आपण गवत लावू, पण घाण उपसणार नाही.) संडासाची घाण येणारी उघडी गटारं माणसाकडून हाताने साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या पोरांना फावडं देऊन ‘श्रमदान’ म्हणून तिथे उतरवू नका.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच. तेव्हाच महापालिकेच्या झोन कार्यालयासाठी अर्ज लिहा: संडासाचं पाणी ड्रेनेजला जोडा, नळाचा पाईप गटारातून बाहेर काढा, मग चारीला उतार आणि मुरूम द्या. वाळा आपण लावू. सोबत चारीचा उन्हाळ्यातला आणि पावसातला असे दोन फोटो जोडा, बायकांच्या सह्या आधी घ्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.