उकिरड्याच्या जागी हिरवी गल्ली

कोणत्याही शहरात कचरा सगळीकडे सारखा पडत नाही. विजेच्या खांबाचा बुंधा, पडक्या वाड्याची भिंत, बंद पडलेला सार्वजनिक नळ, ओढ्याचा काठ अशा ठरावीक ठिकाणीच तो साठतो. या जागांवर कोणाच्याही घराचे दार उघडत नाही, आणि जी जागा कोणाचीच नाही ती कचऱ्याची, असा अलिखित नियम सर्वत्र रूढ आहे. आज तेथे एक पिशवी पडली की उद्या तिच्या सोबतीला दुसरी येते, रात्री कुत्री दोन्ही फाडतात आणि पहिल्या पावसात तो ऐवज गटारात जाऊन पाणी रस्त्यावर येते. सफाई कामगार ती जागा सकाळी झाडून काढतात. दुपारपर्यंत ती पूर्ववत होते. अशा वेळी दोष यंत्रणेचा की नागरिकांचा, हा वाद बहुधा निष्फळ ठरतो. जागेचा वापर बदलल्याखेरीज तिची सवय बदलत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. श्रमदानाची परंपरा या दोन्ही जिल्ह्यांना सारखीच लाभली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत हाताने काम करणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. हाती खराटा घेऊन गावे झाडणारे संत गाडगेबाबा यांचा कर्मवीरांशी निकटचा स्नेह होता. कराड येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि खेड्यांनी आपापसांत स्वच्छतेची चुरस लावली. शहरांना मात्र हा धडा उशिरा गिरवावा लागला. गावात शेजारी शेजाऱ्यास ओळखतो; शहरातील गल्लीत ती ओळख अगोदर निर्माण करावी लागते.

सांगलीतील प्रयत्न

सांगली शहरात निर्धार फाउंडेशन या तरुणांच्या संघटनेने २०१८ पासून दररोज काही वेळ स्वच्छतेस देण्याचा उपक्रम हाती घेतला. एखाद्या दिवशी झाडू हाती घेऊन छायाचित्र काढून घेणे सोपे असते. रोज न चुकता येणे अवघड. या उपक्रमाचे महत्त्व त्याच्या सातत्यात आहे. शिवाय जागा झाडून तरुण परतले नाहीत. भिंती रंगविणे, कोपरा सुशोभित करणे, रोपे लावणे अशी कामेही त्यांनी केली. त्यामागील कारण व्यवहाराचे आहे. झाडलेली मोकळी जागा पुन्हा मोकळीच दिसते. कुंडी, बाक किंवा रोप असलेल्या जागेवर कचरा टाकताना हात थबकतो, कारण ती जागा कोणीतरी राखत आहे हे दिसत असते.

काही ठिकाणी भिंतीवर देवादिकांची चित्रे लावून कचरा रोखण्याचा उपाय केला जातो. तो फारसा प्रशंसनीय म्हणता येणार नाही. देवाच्या धाकाने कचरा थांबत नाही, दहा पावले पुढे सरकतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीची मोठी परीक्षा पाहिली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेले. पूर ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, धान्य व लाकडी सामान यांचे ढीग घरोघरी रस्त्यावर आले. एवढा कचरा हलविणे हे यंत्रणेचेच काम असते. तथापि ज्या गल्लीतील रहिवासी एकमेकांस ओळखतात, तेथे कोणत्या घरात मदत हवी हे विचारावे लागत नाही. हिरव्या गल्लीचा हा न दिसणारा लाभ आहे.

माती पाहून झाड

साताऱ्याची वस्ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर आहे. तेथे माती मुरमाड व उथळ असते आणि पावसाचे पाणी गल्लीतून धावत खाली जाते. अशा ठिकाणी खड्ड्याच्या उताराकडील बाजूस दगडांचा अर्धवर्तुळाकार बांध घालावा, म्हणजे माती व पाणी दोन्ही थांबतात. सांगलीची काळी माती याच्या उलट वागते. पावसाळ्यात ती पाणी धरून मुळे कुजवते, उन्हाळ्यात भेगाळते. तेथे खड्ड्याच्या तळाशी मुरूम घालून निचरा साधावा व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

अरुंद गल्लीत विजेच्या तारांखाली कांचन किंवा तामण यांसारखी लहान चणीची झाडे शोभतात. तामण तर राज्याचे पुष्प आहे. रुंद रस्त्यास करंज, कडुनिंब, बहावा चालतो. गुलमोहर लवकर वाढतो, परंतु त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. वड-पिंपळ भिंतीलगत लावू नयेत. त्यांचे स्थान मैदानात. सर्वांत मोठी चूक फरसबंदी करताना होते. बुंध्यास सिमेंटने आवळून टाकले की झाड दहा वर्षांनी का वाळले, याचा शोध कोणी घेत नाही. बुंध्याभोवती निदान हातभर माती उघडी ठेवलीच पाहिजे.

खत विकत आणण्याचे कारण नाही. घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. ओला कचरा गल्लीतच कुजविला तर दोन-तीन महिन्यांत खत मिळते आणि कोपऱ्यावर येणारी दुर्गंधीची पिशवीच नाहीशी होते.

चैत्र-वैशाखाचा प्रश्न

वृक्षारोपण पावसाळ्यात होते, रोपे मरतात ती उन्हाळ्यात. समारंभास शंभर माणसे येतात. एप्रिलमध्ये बादली उचलणारी दोनच उरतात. म्हणून रोप लावण्यापूर्वी ते कोणत्या घराचे, हे ठरावे. पहिले दोन-तीन उन्हाळे निभावले की बहुतेक झाडे स्वतःची काळजी घेतात. ज्या घरी दिवसभर कोणी नसते, त्या घरास रोप न देता शेजारच्या शाळेस द्यावे; मुले पाणी घालतात, आणि मोठ्यांना टोकतातही.

नगरपालिकेचे काम येथे संपत नाही. घंटागाडी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेआधी येत असेल किंवा अरुंद बोळात वळतच नसेल, तर त्या घरांतील कचरा कोपऱ्यावर जाणारच. त्यांना दंड करणे अन्यायाचे होईल. वेळ बदलणे हा स्वस्त उपाय आहे. कराड नगरपालिका २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिली आली. लहान नगरपालिकेस हे साधते, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

वाढलेल्या झाडास कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये परवानगीशिवाय शहरातील झाड तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तारांसाठी फांद्या छाटावयाच्या झाल्यास रहिवाशांनी स्वतः कुऱ्हाड न उचलता नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि छाटणीच्या वेळी तेथे उपस्थित राहावे; निष्काळजीपणे केलेल्या छाटणीत अर्धे झाड जाते.