पत्र्याला घाम का येतो?

जालना जिल्हा म्हणजे काही कोकण नव्हे. वर्षाकाठी सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही लहरी. १९७२ च्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळाच्या आठवणी येथे घरोघर निघतात. अशा कोरड्या मुलखात घराच्या भिंतीवर बुरशी चढावी, ट्रंकेतल्या प्रमाणपत्रांवर काळे ठिपके पडावेत, हे चमत्कारिक वाटते. पण जालना शहरात किंवा अंबड-परतूरसारख्या तालुक्याच्या गावी पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणालाही विचारून पाहा. डिसेंबरातल्या निरभ्र पहाटे, महिनाभर पावसाचा थेंब नसताना, छतातून टपटप पाणी पडते आणि अंथरूण ओले होते. घरमालक म्हणतो, पत्रा कोठेही फुटलेला नाही. भाडेकरू म्हणतो, मग हे पाणी आले कोठून? गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात.

हवेत पाण्याची वाफ किती मावेल, हे तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना अवघी ९ ग्रॅम. हवा थंड होत गेली की एका ठराविक तापमानाला ती वाफेने संपृक्त होते. तेच त्या हवेचे दवबिंदू तापमान. याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला हवा टेकली की जास्तीची वाफ पाणी होऊन तेथे बसते.

आता एक खोली घेऊ. दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट. तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते. २० अंशांना या खोलीतल्या सगळ्या हवेत जास्तीत जास्त ५९० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडेसेच जास्त पाणी वाफेच्या रूपाने राहू शकेल. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला अदमासे ४० ग्रॅम पाणी बाहेर पडते. चौघे जण आठ तास झोपले, तर हिशेब होतो जवळजवळ सव्वा लिटरचा! त्यात संध्याकाळचा स्वयंपाक मिळवा. घरगुती गॅस हा प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो, आणि त्यातला हायड्रोजन जळून पाणीच तयार होते. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून अधिक पाणी हवेत जाते. ज्योतीकडे पाहून ते कोणाला खरे वाटणार नाही, पण रासायनिक समीकरण मांडून पाहा. शिवाय नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरात भरून ठेवलेली उघडी पिंपे आणि दोरीवरचे ओले कपडे आहेतच. फटीतून किंवा खिडकीतून बाहेर जाऊ न शकलेली ही सगळी वाफ थंड जागा शोधत असते.

ती जागा म्हणजे पत्रा. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकत राहतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. ढगाळ रात्री ढग काही उष्णता परत पाठवतात, म्हणून तेव्हा पत्र्याला कमी घाम येतो. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी हे कोडे १८१४ साली आपल्या दवावरील निबंधात सोडवले. त्यांनी लोकरीचे पुंजके वजन करून रात्री बागेत ठेवले. उघड्या आकाशाखालचा पुंजका सकाळी चांगलाच जड झालेला असे, आडोशाखालचा फारच थोडा. आपल्या पत्र्यावर वरून पडते ते हेच दव. आतून पडते तेही तेच, फक्त त्याचे पाणी आपण पुरवलेले असते.

जुन्या धाब्याच्या घरांना हा त्रास कमी होता. माळवदावरच्या पांढऱ्या मातीचा जाड थर रात्रीत फारसा थंड होत नाही, आणि माती थोडी वाफ शोषून घेऊन दिवसा परत सोडते. वेळच्या वेळी माती टाकली नाही तर माळवद पावसात गळते, हा भाग वेगळा. पण सळईच्या कारखान्यांत, बियाण्यांच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या माणसांना आणि खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांना आता माळवद मिळणे कठीणच.

बुरशीचे बीजाणू सर्वत्र तरंगत असतात. त्यांना घरातून हद्दपार करणे अशक्य आहे. भिंतीवरची धूळ, पुस्तकाची खळ, चामड्याची चप्पल, काहीही त्यांना खाद्य म्हणून चालते. अडते ते फक्त पाण्यावाचून, आणि त्यासाठी थेंब दिसावेच लागतात असे नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांवर राहिली तरी पुरे. म्हणून बुरशी प्रथम धरते ती कपाटामागे आणि कोपऱ्यात, जेथे भिंत थंड आणि हवा कोंडलेली असते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे हा बिनपैशाचा उपाय आहे. ही नुसती सौंदर्याची बाब नाही. ओलसर, बुरशीच्या घरांत दम्याचा व श्वसनाचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. लहान मुलांचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घराची भिंतही सांगावी.

उपायांत पहिला मान हवा खेळवण्याला. थंडी आत येते म्हणून लोक पत्रा आणि भिंत यांमधली फट चिंध्यांनी बुजवतात. त्याऐवजी तेथे बारीक जाळी बसवावी. उंदीर येत नाहीत, वाफ मात्र जाते. हिवाळ्यात बाहेरची १० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता एक-तृतीयांशावर येते! म्हणून सकाळी दहा-पंधरा मिनिटे दार-खिडकी समोरासमोर उघडी टाकली तरी मोठा फरक पडतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा दुपारी उघडीप मिळेल ती वेळ साधावी. आणि कूलर! उन्हाळ्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलरची वाफ खपून जाते. जुलैत तोच कूलर चालवणे म्हणजे बुरशीला पाणी घालणे होय. त्याहून वाईट म्हणजे तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत वर्षभर ठेवणे.

आलेली बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, बीजाणू घरभर उडतात. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भिंत वाळल्यावर ताजा चुना द्यावा. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी तग धरत नाही. मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन हळूहळू त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो व हा गुण ओसरतो. दरवर्षी चुना देण्याच्या रिवाजात हे शहाणपण होते.

राहता राहिला घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद. भिंतीच्या ओल्या जागी वीतभर ॲल्युमिनियमची पातळ चकती, नाहीतर जाड प्लॅस्टिकचा तुकडा, चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमले तर ते घरातल्या वाफेचे. तुकड्याच्या मागे, भिंतीकडून जमले तर ओल भिंतीतूनच येत आहे: पायातून वर चढणारी, किंवा गळक्या नळाची नाहीतर पावसाची. पहिल्यात भाडेकरूच्या सवयींचा हात मोठा. दुसऱ्यात दुरुस्ती घरमालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा जेथे लागू आहे, तेथे घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग. स्टीलच्या चकचकीत पेल्यात पाणी घ्या, त्यात तापमापी धरा आणि बर्फाचे खडे एकेक टाकत ढवळत राहा. पेल्यावर बाहेरून धुके धरेल त्या क्षणाचे तापमान म्हणजे त्या हवेचे दवबिंदू तापमान. जॉन डॅनियल यांनी १८२० साली याच तत्त्वावर आर्द्रतामापक बनवला होता. बर्फाऐवजी त्यांनी ईथर वापरले. वर्गातला, व्हरांड्यातला आणि घरी रात्री झोपण्यापूर्वीचा, असे तीन आकडे वहीत लिहा. पहाटे पत्र्याचे तापमान यांपैकी शेवटच्या आकड्याखाली उतरले, की थेंब पडू लागतील.