भाडं पुढे द्या

लंडनच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीतला खलाशी, दुबईच्या दुकानात आपल्या मापाचे बूट शोधून देणारी मुलगी आणि हाँगकाँगमध्ये दुसऱ्याचं मूल सांभाळणारी बाई, या चौघांत फिलिपिनो किती असतील असं विचारलं, तर जग हिंडलेला माणूस सांगेल, चौघंही असू शकतील. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला फिलिपिनो रोज भेटतो. तो हसतमुख असतो, इंग्रजी बरं बोलतो, गातो तर झकासच, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्या घरी काय शिजतं, तो कुठल्या कॉलेजात शिकला, त्याची श्रद्धा कशावर आहे, हे आपण विचारत नाही. आपल्यालाही तिथं ते कुणी विचारलेलं नसतं, म्हणूनही असेल.

२०१२ ते २०१७ अशी पाच वर्षं मी सिंगापुरात नोकरीला होतो. पावसाच्या पाण्याचा निचरा करणाऱ्या नाल्यांचे आराखडे आमच्या कचेरीत होत. शेजारच्या टेबलावर पंचविशीतला एक फिलिपिनो इंजिनिअर बसे. लेयते बेटावरच्या ताक्लोबान शहराजवळचा. पहिल्याच आठवड्यात तो मला 'कुया' म्हणू लागला. कुया म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात (आपल्या आत्याशी तिचा संबंध नाही!). वाक्यात 'पो' हा एवढासा शब्द घातला की बोलणं आदरार्थी होतं. घरातलं वडीलधारं माणूस भेटलं की त्याचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, ही तिकडची नमस्काराची रीत. काचेच्या त्या उंच इमारतीत मला कुणी 'दादा' म्हणेल असं वाटलं नव्हतं. त्या हाकेनं परकेपणाचा निम्मा भार उतरला.

मग आम्हाला शोध लागत गेले. शिक्षकाला त्यांच्याकडे 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुक्हा' आणि रानातल्या देवतेला 'दिवाता'. स्पेननं १५६५ मध्ये तिथं सत्ता रोवली आणि ती १८९८ पर्यंत टिकली; पण त्याच्या कितीतरी आधी हे संस्कृत शब्द मलय व्यापाऱ्यांच्या तोंडून त्या बेटांवर पोचले होते. त्यांचं 'आत्सारा' म्हणजे कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं. नाताळातल्या तांदळाच्या केकला ते 'बिबिंग्का' म्हणतात. गोव्याच्या बेबिंकाशी नाव जुळतं, जात मात्र वेगळी. सुक्या मासळीवर आमची खरी मैत्री जुळली. त्यानं एका रविवारी 'तुयो' तळले आणि त्याच्या इमारतीत तक्रार झाली. ही तक्रार बोंबील भाजणाऱ्या कुठल्याही मराठी बिऱ्हाडाच्या वाट्याला आलेली असते, हे ऐकून त्याला केवढा धीर आला!

भांडण झालं ते फक्त आंब्यावरून. त्यांच्या आंब्याचं नाव काराबाओ, म्हणजे म्हैस. आंब्याला म्हशीचं नाव कुणी देतं का, असं मी डिवचलं. त्यानं हापूस हे नाव कुणाचं म्हणून विचारलं. आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीचं, असं मला सांगावं लागलं. "म्हणजे कुया, तुम्ही परक्या साहेबाचं नाव चोखता. आम्ही निदान आमच्या म्हशीचं!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाळीला मी गॅलरीत आकाशकंदील लावला, तेव्हा तो टक लावून पाहत राहिला. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांचा तारा फिलिपिन्समध्ये नाताळात घरोघर लावतात; त्याला 'पारोल' म्हणतात. तिकडे नाताळची गाणी सप्टेंबरातच वाजू लागतात. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थनेला माणसं झोपमोड करून जातात आणि परतताना चर्चच्या दाराशी गरम बिबिंग्का खातात. काकड आरतीला जाणाऱ्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

सिंगापुरातला फिलिपिनो रविवारी बघावा. ऑर्चर्ड रोडवरच्या 'लकी प्लाझा' या जुन्या इमारतीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. घरकाम करणाऱ्या बाया, परिचारिका, इंजिनिअर, सगळे तिथं. २०१३ मध्ये 'जॉलिबी' या त्यांच्या लाडक्या उपाहारगृहानं तिथं दुकान थाटलं, तेव्हा कोंबडीच्या तुकड्यासाठी माणसं तासन् तास रांगेत उभी राहिली. घरकाम करणाऱ्या बायांना आठवड्याची सुटी देण्याचा नियम सिंगापुरात लागू झाला तोही त्याच वर्षी, आणि त्यातही सुटीऐवजी पैसे देण्याची वाट ठेवलेली होती. बाहेरच्या माणसाला त्या गर्दीचा गोंगाट ऐकू येई. पण रविवारी मोकळं उभं राहायला मिळणं ही प्रत्येकीला मिळालेली गोष्ट नव्हती.

त्याच इमारतीत पैसे पाठवण्याच्या खिडक्या आणि खोकी पाठवणाऱ्यांची दुकानं. या खोक्याला 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात. बालिक म्हणजे परत, बायान म्हणजे गाव किंवा देश. समुद्रमार्गे जाणाऱ्या खोक्याचं भाडं वजनावर नसतं, आकारावर असतं. त्यामुळे एक कोपरा रिकामा सोडायचा नाही. साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेटं. बुटांत मोजे आणि मोज्यांत गोळ्या. शेवटी झाकणावर कुणीतरी बसायचं आणि दुसऱ्यानं चिकटपट्टी लावायची. यातली बहुतेक वस्तू मनिलातही मिळते. मग कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पैसे बँकेत जातात. खोकं घरात उघडतात." प्रवासाहून आणायच्या खाऊला त्यांच्याकडे 'पासालुबोंग' असा खास शब्द आहे. गणपतीला गावी येणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्याच्या बोचक्याभोवती जमणारी पोरं ज्यानं पाहिली आहेत, त्याला हे उत्तर पुरे. एकेकाळी रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हणत. फिलिपिन्समध्ये बँकांमार्गे २०२३ साली परदेशातून आलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरहून अधिक होती.

तो सर्वांत खुले ते कॉलेजच्या आठवणींनी. मनिलाजवळच्या केसोन शहरातला दिलिमान परिसर हे फिलिपिन्स विद्यापीठाचं मुख्य ठाणं. विद्यापीठ १९०८ चं. प्रवेशालाच एका नग्न तरुणाचा पुतळा, हात पसरलेले, चेहरा आभाळाकडे. गिल्येर्मो तोलेन्तिनो यांनी १९३५ मध्ये घडवलेला हा पुतळा आत्मार्पणाचं प्रतीक आहे. पदवीदानाच्या सुमारास रस्त्याच्या दुतर्फा सूर्यफुलं फुलतात. संध्याकाळी कोंबडीची आतडी काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात. अभ्यासाची निम्मी चर्चा त्या धुरात.

परिसरात फिरायला जीपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यानं मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून ही सवारी जन्माला आली. एका दिशेनं फिरते ती 'इकोत', म्हणजे फेरी. उलट दिशेनं फिरते ती 'तोकी', म्हणजे इकोत हा शब्दच उलटा लिहिलेला! जीपनीत कंडक्टर बहुधा नसतो. मागे बसलेला माणूस 'बायाद पो' म्हणून नाणी पुढच्याच्या हाती देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि अशी ती ड्रायव्हरपर्यंत जातात. उरलेले सुटे त्याच वाटेनं परत येतात. "चार वर्षांत माझं एक नाणं गहाळ झालं नाही," हे तो अभिमानानं सांगे. याच दिलिमानमध्ये फेब्रुवारी १९७१ मध्ये पेट्रोलच्या भाववाढीविरुद्ध संपावर गेलेल्या जीपनीचालकांसाठी विद्यार्थ्यांनी रस्ते अडवले होते. पुढच्याच वर्षी मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला.

या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला 'इस्कोलार नंग बायान' म्हणतात, जनतेच्या खर्चानं शिकणारा. तो शिकत असताना फी घरच्या मिळकतीनुसार ठरे आणि त्याला ती जवळजवळ पडलीच नव्हती. हेच त्याला टोचे. "जनतेच्या पैशावर शिकलो आणि नाले काढतो सिंगापूरचे," असं तो म्हणे.

त्याच्या सरकारला मात्र ते टोचत नव्हतं. परदेशी मजूर पाठवण्याची व्यवस्था मार्कोस यांच्या काळात, १९७४ च्या कामगार कायद्यानं उभी राहिली, ती तात्पुरती म्हणून. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगमधल्या मोलकरणींना 'नवे वीर' म्हटलं आणि पदवी चिकटली. मार्च १९९५ मध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या मोलकरणीला खुनाच्या आरोपावरून सिंगापुरात फाशी झाली, तिचा देश संतापानं पेटला आणि त्याच वर्षी परदेशस्थ कामगारांसाठी कायदा झाला. आमच्या मित्राला 'वीर' या शब्दाची चीड होती. "वीर म्हटलं की बरं पडतं, कुया. वीरानं कुरकुर करायची नसते. आणि त्याला परत बोलावण्याची जबाबदारीही कुणावर नसते."

८ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी हैयान वादळ लेयतेवर आदळलं. समुद्र ताक्लोबानमध्ये घुसला. 'स्टॉर्म सर्ज' येणार असा इशारा दिलेला होता, पण त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ अनेकांना उमगला नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेले लोक पुढे सांगत. सहा हजारांवर माणसं गेली. विमानतळ मोडला, फोन मेले. आमचा मित्र रोज कामावर येत होता. पाणी किती चढेल, किती वेळात ओसरेल, याचे हिशेब समोरच्या पडद्यावर, आणि दुसऱ्या खिडकीत हरवलेल्यांच्या याद्या. सहाव्या दिवशी फोन आला. आई, वडील, बहीण वाचली होती. काका सापडले नाहीत.

त्या महिन्यातली खोकी मी पाहिली. चॉकलेटं नव्हती. मेणबत्त्या, ताडपत्र्या, डबाबंद मासे, औषधं. लकी प्लाझात झाकणावर बसायला मीही होतो. मराठी मंडळींनी कपडे आणून दिले.

आता तू परत जाशील, असं मला वाटलं होतं. तो गेला नाही. घर बांधायचं होतं, बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं आणि तिकडच्या पगारात दोन्ही बसत नव्हतं. त्यांच्या भाषेत 'उतांग ना लोओब' असा शब्दप्रयोग आहे: आतलं ऋण. आपण 'तुमच्या ऋणातच राहीन' म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं. तो म्हणे, हे ऋण ज्याचं त्याला फेडता येत नाही. जीपनीतल्यासारखं पुढच्याच्या हातात द्यावं लागतं.

बहीण दिलिमानलाच शिकली, इंजिनिअरच झाली. आज ती लेयतेतच नोकरी करते. पाण्याच्या वाटा आखण्याचीच. तो अजून परदेशी आहे, आता दुसऱ्या देशात. एका गेल्याच्या बदल्यात एक राहिली, हा हिशेब देशाला परवडतो का, मला सांगता येत नाही. त्यांच्या आईला तो परवडत नाही, हे मला माहीत आहे. दर नाताळात ती एक खुर्ची रिकामी ठेवते.

आपल्याकडेही आता गल्लोगल्ली अशा खुर्च्या आहेत. मुलगा तिकडे काय कमावतो, हे आपण चारचौघांत सांगतो. त्याच्या शिक्षणाचं भाडं कुणाकुणाच्या हातून पुढे गेलं होतं आणि त्यानं ते आता कुणाच्या हाती दिलं, हेही एकदा त्याला विचारून पाहावं.