संकल्प आणि उद्योग : लेखांक सातवा – कुंडलचा माळ

मागील लेखांकात आपण संकल्पाचे स्वरूप पाहिले. तो अंगी भिनला म्हणजे मनुष्याच्या संसाराची आणि व्यवहाराची घडी कशी पालटते, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. १८६९ साली गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकलेच्या ओढीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, परंतु नेत्रांस सर्व रंग यथार्थ ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्याने यांत्रिक रेखाटनाची कास धरली, आणि पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविण्याची नोकरी पत्करली. बढतीच्या वेळी आपणांस डावलण्यात आले असे पाहून लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास, बंधू रामूअण्णा सांभाळीत असलेल्या सायकलींच्या धंद्यात, कायमचे येऊन बसले. हा राजीनामा पुष्कळांना त्यांच्या धाडसाचा कळस वाटतो. मला तसे वाटत नाही. मानभंग झाला असता नोकरीवर लाथ मारणारे पुरुष आपल्याकडे थोडे नाहीत. खरी कसोटी पुढे, न खपणाऱ्या नांगरांच्या रूपाने आली.

आपला परंपरागत नांगर गावचा सुतार बाभळीच्या लाकडाचा घडवी आणि त्याचे मोल बलुत्यात फिटे. लक्ष्मणराव बनवू लागलेल्या लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम मोजावी लागणार होती. लाकडी नांगर भुई नुसती उकरीत जातो, तर लोखंडी नांगराचा पिळदार पत्रा मातीचा थर उचलून पालथा घालतो, त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात. हा गुण शेतकऱ्याच्या प्रत्ययास यावा, तर आधी नांगर शेतात उतरावयास हवा. आणि लोखंडाने जमिनीला विष चढते ही समजूत तर त्याला बांधापाशीच अडवीत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली! सायकली आणि कडबा कापण्याची यंत्रे हाताशी असताना नांगराचा नाद सोडणे कोणाही हिशेबी व्यापाऱ्याला शहाणपणाचे वाटले असते. लक्ष्मणरावांनी तो सोडला नाही, कारण शेतकऱ्याच्या हाती सुधारलेले अवजार पडल्यावाचून या देशाच्या शेतीला ऊर्जितावस्था येणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

अशा स्थितीत बेळगावच्या नगरपालिकेचा कारखान्याची जागा खाली करण्याचा हुकूम आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली, बिनव्याजी कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी पसंत केला तो कुंडल रोड स्टेशनाजवळचा सुमारे ३२ एकरांचा माळ : फड्या निवडुंगाने व्यापलेला, सापांनी भरलेला, पाण्याची वानवा असलेला. परंतु कच्चे लोखंड आणि कोळसा ज्या आगगाडीने यावयाचा, तीच तयार नांगर घेऊन जाणार होती. ती माळाच्या कडेनेच धावत होती, आणि निवड करताना त्यांनी निवडुंगापेक्षा रुळांना अधिक महत्त्व दिले.

१९१० च्या मार्चमध्ये तेथे मुक्काम पडला. नुसता कारखाना काढावयाचा असता, तर बिऱ्हाडे बेळगावात ठेवून पुरुषांनी येऊन-जाऊन काम भागविले असते. परंतु लक्ष्मणरावांना गाव वसवावयाचे होते, म्हणून बायकामुले त्याच उजाड रानात आली. मला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याचा भार घरातील स्त्रियांनी किती उचलला असेल, हे कारखान्याच्या जमाखर्चात कोठेही नमूद झालेले नसणार. वसाहतीच्या राखणीचे कामही लक्ष्मणरावांनी, ज्यांच्याकडे समाज गुन्हेगार म्हणून बोट दाखवी अशा माणसांच्याच हवाली केले. सारे आयुष्य ज्याने एका कार्यास वाहिले, त्याच्या शब्दावर इतरांचाही विश्वास बसतो. या माणसांनी ती राखण इमानाने केली.

नांगरामागून उसाचे चरक आले, १९२६ साली पाण्याचे पंप आले. माल काळानुसार पालटत गेला. शेतकऱ्याच्या गरजेवरची दृष्टी मात्र ढळली नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि दगडी कोळसा दुर्मीळ झाला, तेव्हा या माळावरची भट्टी कशी पेटती राहिली, ते पुढील लेखांकी पाहू.