पाच किलोमीटरची पहिली शर्यत

शर्यत म्हटली की आपल्याला बैलांची शर्यत आठवते. माणसांच्याही शर्यती असतात. आपल्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारला अशी शर्यत भरते. मुंबईची मोठी शर्यत २००४ साली सुरू झाली. या शर्यतींत ४२ किलोमीटर १९५ मीटर पळणारेही असतात. त्या शर्यतीला मॅरेथॉन म्हणतात. नव्या माणसाने तिच्या नादी लागू नये. त्याने पाच किलोमीटरपासून सुरुवात करावी.

पाच किलोमीटर म्हणजे किती? जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड दिसतात. एका दगडापासून निघा. पुढचा पाचवा दगड आला की पाच किलोमीटर झाले. चालत गेलं तर तासभर लागतो.

“एवढं तर आम्ही रोज चालतो,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. म्हणजे पायांत ताकद आहेच. मग पहिल्या शर्यतीत माणूस मध्येच का थांबतो? तो सुरुवातीलाच फार जोरात पळतो म्हणून. शिट्टी होते, सगळे सुटतात, आपणही सुटतो. एक किलोमीटर होईपर्यंत दम संपतो. आमच्या मते पहिली शर्यत बिघडते ती इथेच.

असं का होतं? चुलीकडे बघा. चुलीत एकदम सरपण कोंबलं तर जाळ होत नाही, धूर होतो. कारण हवा पुरत नाही. आपल्या अंगाचंही तसंच. आपण श्वासाने हवा आत घेतो. रक्त ती हवा पायांपर्यंत नेतं. पाय हळू चालले तर हवा पुरते. पाय एकदम जोरात पळाले तर हवा कमी पडते. मग धाप लागते आणि पाय जड होतात. म्हणून सुरुवात हळू करावी. किती हळू? पळता पळता शेजारच्याशी एक पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, असं समजावं. शेवटचा दगड दिसला की मग काढा काय वेग काढायचा तो.

मोखाड्याच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यात, हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचं गाव आहे. कविता राऊत तिथली. लहानपणी तीही डोंगरातून पाणी आणायला जायची, अनवाणी पळायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती दहा हजार मीटर, म्हणजे दहा किलोमीटर पळाली आणि तिला कांस्यपदक मिळालं. त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत तिला रौप्यपदक मिळालं. पुढे सरकारने तिला अर्जुन पुरस्कार दिला. नुसत्या पाणी आणण्याने हे झालं नाही, बरं का. नाशिकला तिने गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं सराव केला.

आपला सराव साधा. विजेचे खांब मोजा. एक खांब ते दुसरा खांब पळा, पुढचे दोन खांब चाला. असं अर्धा तास करा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. दर आठवड्याला पळायचा एक खांब वाढवा. दोन महिन्यांत पाच किलोमीटर न थांबता जमायला लागतं. घाट चढताना पाऊल आखूड टाकावं. उतारावर झोकून देऊ नये, गुडघे दुखतात. रस्त्याच्या उजव्या कडेने पळावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. ज्यांचा दिवस वीटभट्टीवर जातो त्यांनी त्या महिन्यांत पळण्याचा हट्ट धरू नये. ते अंग आधीच थकलेलं असतं.

एक गोष्ट मात्र पळायला लागण्याआधी करावी. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. आपल्याकडे अंगात रक्त कमी असलेली माणसं पुष्कळ, त्यात बाया जास्त. रक्तच कमी, तर पायांना हवा पोचणार कशी? शिवाय आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. माणूस फार दमला, अंगातलं पाणी कमी झालं, की त्रास वाढतो. ज्याला हा आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. आणि पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर कोणीही तिथेच थांबावं. नंबर गेला तरी चालेल. अशा माणसाला कोणी भित्रा म्हणालं तर खुशाल म्हणू द्यावं.

शर्यतीच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नये. दोन तास आधी नाचणीची भाकरी किंवा आंबील घ्यावी. पोट तुडुंब भरू नये. शर्यतीसाठी म्हणून आदल्या दिवशी नवे बूट आणू नयेत, फोड येतात. बूट असतील तर सवयीचे असावेत.

पोलीस भरतीला जाणाऱ्या पोरापोरींनाही हे उपयोगी आहे. तिथे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. अंतर कमी, पण पहिल्याच झपाट्यात दम घालवणारे तिथेही दिसतात.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नये. थोडं चालावं, सावलीत जावं, घोट घोट पाणी प्यावं. पुढे दोन दिवस मांड्या दुखतील. त्याला औषध नको, विश्रांती पुरते. चौथ्या दिवशी पुन्हा खांब मोजायला जायला हरकत नाही.