वेखंडाला हवा चिखल

वेखंड माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण, आणि वेखंडाचं झाड पाहिलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. काष्ठौषधीच्या दुकानातून येणारं तपकिरी, पेरापेरांचं कांडं, बाळाला आंघोळीनंतर लावायची पावडर, गुटीच्या डब्यात मुरडशेंग-हळकुंडाशेजारी पडलेला तुकडा, एवढ्यावर ओळख संपते. सह्याद्रीतल्या कुठल्या तरी झुडपाचं ते मूळ असावं, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात वेखंड ही पाणथळ जागेतली वनस्पती आहे. ओढ्याकाठच्या गाळात, तळ्याच्या कडेला, दलदलीत ती वाढते आणि लांबून पाहिलं तर गवताचं दाट बेट वाटते. काश्मीर आणि मणिपूरच्या पाणथळीत ती आपोआप येते; कर्नाटकात तुमकुर जिल्ह्यातल्या कोरटगेरे तालुक्यात भातासारखी चिखलणी करून तिची शेती होते. आणि गच्चीवरच्या एका टबातही ती उत्तम वाढते. फक्त बागकामाच्या पुस्तकांतला पहिला धडा, ‘पाण्याचा निचरा नीट हवा’, तेवढा विसरावा लागतो.

नर्सरीत जाण्याआधी झाड ओळखायला शिकलं पाहिजे, कारण इथेच फसगत होते. तलवारीच्या पात्यासारखी उभी पानं असलेलं काहीही ‘वेखंड’ म्हणून हातात पडू शकतं. कधी आयरिस, कधी स्पायडर लिली. खऱ्या वेखंडाचं पान दोन-तीन फूट उंच, बोटभर रुंद आणि दोन्ही बाजूंनी सारखंच हिरवं असतं. ते उजेडाकडे धरून पाहा. मधली शीर बरोबर मधून जात नाही, थोडी एका बाजूला सरकलेली असते. पानाच्या कडेला काही ठिकाणी आडव्या बारीक चुण्या दिसतात, इस्त्री राहून गेल्यासारख्या. बुडाशी पानं एकात एक घड्या घालून बसलेली आणि गुलाबीसर. तरीही शंका उरलीच तर पानाचं टोक चुरडून नाकाशी न्यायचं. कापूर, लिंबाची साल आणि ओली माती यांच्या मधला काहीसा तिखट वास आला तर वेखंड. नुसता हिरवा, गवती वास आला तर दुसरं काही. संस्कृतात याला वचेबरोबरच ‘उग्रगंधा’ म्हणतात, ते उगाच नव्हे. दुकानात ‘पांढरं वेखंड’ म्हणून जे मिळतं ते बहुधा आयरिसचंच मूळ असतं, त्याचा या झाडाशी संबंध नाही.

फूल मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पानासारख्याच चपट्या दांड्याच्या कुशीतून बोटभर लांबीचं, हिरवट-पिवळं कणीस तिरकं बाहेर येतं. अळू किंवा सुरणाच्या फुलात मधोमध जो दांडा असतो तसंच हे, फक्त भोवतीचं आवरण नाही. याच साधर्म्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं वेखंडाला अळूच्या कुळात बसवलं होतं. डीएनएचे अभ्यास सुरू झाल्यावर ही वाटणी मोडली. आज वेखंडाला स्वतःचं स्वतंत्र कुळ आहे, आणि त्या कुळात प्रजाती एकच, अकोरस. गंमत अशी की गवत, ऊस, भात, केळ, नारळ, कांदा, ऑर्किड या साऱ्या एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेली, आजवर टिकून राहिलेली फांदी हीच. गवतासारखं दिसणारं हे झाड गवताचं जवळचं नातलग नाहीच; फार दूरचं, फार जुन्या घराण्यातलं चुलत घर आहे.

आता लागवड. बाजारातलं वाळकं वेखंड मातीत पुरून काही होत नाही. उन्हात वाळवताना त्याचे डोळे मेलेले असतात. ताजं, जिवंत कांडंच हवं. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत ते मिळतं, किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मागून आणावं. बियांच्या भानगडीत पडू नये. वेखंडाची लागवड जगभर कांड्यांवरूनच होते, आणि युरोपात पसरलेल्या जातीला तर बी धरतच नाही, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत. १५७४ साली व्हिएन्नात क्लूसियस या वनस्पतितज्ज्ञाने तुर्कस्तानातून आलेलं मूळ लावलं. त्या काळात आलेल्या अशाच मोजक्या मुळांचे तुकडे हातोहात पुढे जात राहिले, आणि युरोपभरच्या तळ्यांकाठी वेखंड दिसू लागलं. बी नसताना एवढा प्रवास! आपल्या टबातल्या झाडाचंही तसंच होतं: एकाचे दहा, दहांचे शेजाऱ्यांकडे.

टब, जुनी बादली, रंगाचा धुतलेला डबा, काहीही चालेल. फक्त भोक नको. उंची फूटभर पुरे, रुंदी मात्र जास्त हवी, कारण हे झाड खोल जात नाही, आडवं सरपटतं. माती शेतातली, चिकट, गाळाची. कोकोपीट अजिबात नको, ते पाण्यावर तरंगतं. नर्सरीतल्या भुसभुशीत मिश्रणाचाही उपयोग नाही. आठ-नऊ इंच माती भरायची, पाणी घालून हाताने मळून तिचा पक्का चिखल करायचा आणि दोन दिवस बसू द्यायचा. मग दोन-तीन इंचांचा, निदान एक ठसठशीत डोळा असलेला तुकडा आडवा ठेवून चिखलात अर्धा दाबायचा. पाठ वर दिसली पाहिजे. आल्यासारखं खोल पुरलं की कांडं कुजतं. पानं असतील तर वीतभर ठेवून वरची छाटून टाकावीत, म्हणजे मुळं धरेपर्यंत झाडावर ओझं राहत नाही. शेतात दोन कांड्यांत साधारण फूटभर अंतर ठेवतात. दीड फुटाच्या टबात दोन तुकडे पुरतात. पावसाळ्याचा आरंभ, जून-जुलै, हा मुहूर्त उत्तम.

चिखलात मुळं गुदमरत का नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. तुळस किंवा गुलाब असा पाण्यात बसवला तर आठवड्यात मान टाकेल, कारण पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. वेखंडाचं कांडं आडवं कापून पाहा: आतला गर पांढरा-गुलाबी आणि स्पंजासारखा पोकळ-पोकळ असतो. पानांतही अशाच उभ्या हवेच्या नळ्या असतात, आणि पानाने घेतलेली हवा त्यांतून थेट चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. शिवाय कांड्यातल्या पिठूळ साठ्यावर हे झाड प्राणवायूशिवायही कित्येक आठवडे तग धरतं. म्हणून पाणी जास्त झाल्याने वेखंड मरत नाही. मरतं ते सुकल्याने. आठ दिवस गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंना सगळ्या बागेतल्या या एकाच टबाची आठवण करून द्यावी.

सुरुवातीला मातीच्या वर दोन इंच पाणी ठेवायचं, झाड उभं राहिलं की तीन-चार इंच चालतं. आणि इथे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास निघणारा विषय येतो: डास. तक्रार रास्त आहे. साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, मग त्यात औषधी वनस्पती असो वा जुना टायर. मोठ्या टबात चार-पाच गप्पी मासे सोडले की अळ्या उरत नाहीत; अनेक ठिकाणी नगरपालिकेच्या हिवताप विभागाकडून ते मिळतात. मात्र टबातले गप्पी नेऊन नदीनाल्यात सोडू नयेत, स्थानिक माशांना ते जड जातात. टब लहान असेल तर दुसरा उपाय करावा: पाणी मातीच्या वर येऊच द्यायचं नाही. चिखल सतत ओला, पाय ठेवला तर रुतेल असा, पण वर पाणी साचलेलं नाही. वर बोटभर जाड वाळूचा थर दिला की हे साधतं. पावसाळ्यात टब भरून वाहील, म्हणून मातीच्या पातळीवर बाजूला एक बारीक छिद्र पाडून ठेवावं. भोक नको म्हणालो ते बुडाशी. वाढ थोडी मंदावते, पण घरात तापाचं माणूस नसणं अधिक महत्त्वाचं.

ऊन अर्धा दिवस मिळालं तरी भागतं. कोकणात, पुण्या-मुंबईत पूर्ण उन्हातही अडचण नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात मात्र टबातलं पाणी दुपारी कढत होतं आणि पानांची टोकं जळतात. तेव्हा टब भिंतीच्या पूर्वेला सरकवावा किंवा हिरवी जाळी टाकावी. खताची हाव या झाडाला नाही. पाण्यात खत ओतलं की झाडाआधी शेवाळच फोफावतं. मुरलेल्या शेणखताची मूठभर पुरचुंडी फडक्यात बांधून चिखलात खोल दाबायची, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, बस. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी न्हाणीच्या पाण्यावर अळू लावतात तिथे शेजारी दोन कांडी लावून पाहावीत. फक्त त्या पाण्यात फिनाईल-ब्लीच जात नसावं, आणि त्या पाण्यावरचं कांडं अंगाला लावायला वापरू नये; हे झाड पाण्यातलं पुष्कळ काही शोषून घेतं, म्हणून तर काही देशांत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळींत ते लावतात.

एरवी त्रास कमीच. पानांवर तपकिरी ठिपके पडले तर ती पानं कापून फेकायची. दाटी झाली की हे जास्त होतं. कीड फारशी फिरकत नाही, आणि त्याचं कारण कळलं की वेखंडाविषयीचा आपला अर्धा जुना समज तपासून घ्यावा लागतो.

वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचं द्रव्य असतं. १९७७ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की ते कीटकांना वंध्य करतं. आजीने लुगड्यांच्या घडीत वेखंड ठेवायचं, पोथ्यांच्या रुमालात त्याची पूड घालायची, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांसाठी वापरायच्या मसाल्याच्या पुरचुंड्यांतही वेखंड असायचं, ते सारं या अर्थाने पक्क्या पायावर उभं आहे. पण हेच द्रव्य पोटात जाणं बरं नाही. उंदरांना वेखंडाचं तेल दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्याचं दिसलं, आणि १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. उत्तर अमेरिकेतल्या जातीत हे द्रव्य जवळजवळ नसतं, युरोपातल्या जातीत थोडं असतं. आपल्याकडच्या वेखंडात मात्र ते भरपूर. आयुर्वेदात वचा बुद्धिवर्धक मानली आहे आणि वैद्य ती शोधन करून, मोजून देतात, ती गोष्ट निराळी. घरच्या टबातलं कांडं सहाणेवर अंदाजाने चार वेढे उगाळून तान्ह्या बाळाच्या जिभेला लावणं मला तरी पटत नाही. उलट्या होऊ शकतात, आणि घरच्या कांड्यात किती काय आहे हे उगाळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पावडरही बाळाच्या नाकातोंडाजवळ उडवू नये. पणजीपासून चालत आलंय हे उत्तर मला माहीत आहे. पणजीच्या काळात किती बाळं वाचत होती हेही तिलाच विचारायला हवं होतं.

मग घरी लावून करायचं काय? कपाटं, पुस्तकं, गव्हाची कोठी. कोठीत मोकळं टाकू नये, जाड कापडाच्या पिशवीत शिवून झाकणाच्या आतल्या बाजूला टांगावं. हिरव्या पानांचाही उपयोग आहे. जपानात ५ मेच्या सणाला ही पानं आंघोळीच्या गरम पाण्यात सोडतात, चीनमध्ये होड्यांच्या सणाला दारावर लावतात. आपल्याकडे पावसाळ्यात कोंदट वास येणाऱ्या बुटांच्या कपाटात चार पानं मोडून टाकली तरी फरक जाणवतो.

काढणी घाईने करू नये. जूनमध्ये लावलेलं झाड डिसेंबरनंतर खालून पिवळं पडू लागतं, पानं लोळतात. नवख्याला वाटतं झाड गेलं. ती पक्वतेची खूण आहे. पाणी आटू द्यायचं, माती नुसती ओलसर राहिली की टब उलटा करायचा. पहिल्या वर्षी हाती फारसं लागत नाही, दुसऱ्या वर्षी कांड्यांची गुंतवळ झालेली असते आणि बेटाचा मधला भाग रिकामा पडलेला असतो, कारण कांडं सतत बाहेरच्या दिशेने सरकतं. टोकाकडचे, डोळ्यांचे ताजे तुकडे नव्या चिखलासाठी लगेच बाजूला काढावेत आणि ओल्या गोणपाटात ठेवावेत. मधली जुनी, जाड कांडी धुऊन, मुळं छाटून दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे आणि पसरून वाळवायची. कडक उन्हात तेल उडतं, म्हणून सावलीत, हवेशीर जागी. वाकवल्यावर कट्‌कन मोडलं की वाळलं. मग गोणपाटात घेऊन चोळलं की वरची खवल्यांसारखी सालपटं गळून पडतात आणि दुकानातलं ओळखीचं वेखंड हातात येतं, फक्त वास दुकानातल्यापेक्षा बराच उग्र. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावं, वर ठळक अक्षरात नाव लिहावं आणि ही बरणी सुंठीच्या बरणीशेजारी ठेवू नये.