आमचा प्रिंटर मुका का झाला?

बालमित्रांनो, ही गोष्ट आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत घडली. ती वाचून तुम्हांला हसू येईल. पण आम्हांला त्या दिवशी मुळीच हसू आले नव्हते.

पुण्याच्या मामाने नवीन संगणक घेतला आणि जुना आम्हांला दिला. प्रिंटर मात्र अण्णांनी कांद्याचे पैसे आल्यावर तालुक्याच्या बाजारातून नवा आणला. दादाने वायर जोडली आणि प्रिंटरच्या खिडकीतले 'टेस्ट पेज' हे बटण दाबले. खर्र खर्र आवाज झाला आणि रंगीत पान बाहेर आले. आजीने तर ते पान देवाजवळ नेऊन ठेवले! प्रिंटर चांगला चालतो अशी सगळ्यांची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी ताईच्या वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख होती. अर्ज चार पानांचा होता. तो छापायचा, सह्या करायच्या आणि सकाळी नऊच्या एस.टी.ने तालुक्याला नेऊन द्यायचा, असे ठरले होते. जागा मिळाली नाही तर ताईचे पुढचे शिक्षण अवघड होते, कारण गावातून रोज जाणे-येणे परवडण्यासारखे नव्हते.

साडेआठ वाजता दादाने 'प्रिंट' दाबले. प्रिंटर गप्प. पुन्हा दाबले. तरी गप्प. मी कागद काढून पुन्हा घातले. ताईने वायर हलवून पाहिली. प्रिंटरचा हिरवा दिवा तर छान लागलेला होता. दादाने असे सहा वेळा 'प्रिंट' दाबले. आजी म्हणाली, "अरे, काल बोलत होतं, आज मुकं कसं झालं?" तेवढ्यात नऊची गाडी फाट्यावरून निघून गेली. ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

शेवटी दादाने मामाला फोन लावला. मामाने एकच प्रश्न विचारला, "प्रिंट देताना वर प्रिंटरचं नाव कुठलं दिसतंय?" दादाने नाव वाचून दाखवले. मामा हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, तो तर माझा प्रिंटर! तो इथं माझ्या टेबलावर आहे!"

म्हणजे आमचा अर्ज सहा वेळा पुण्याच्या प्रिंटरच्या नावावर पडला होता. तो प्रिंटर आमच्या संगणकाला जोडलेलाच नव्हता, म्हणून अर्ज कुठेच छापला गेला नाही. मामाने सांगितल्याप्रमाणे दादाने नाव बदलले आणि दोन मिनिटांत चारही पाने हातात आली. अण्णांनी ताईला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेले आणि अर्ज वेळेत पोचला.

असे का झाले, हे मी जूनमध्ये शाळा उघडल्यावर गुरुजींना विचारले. त्यांनी फार सोपे करून सांगितले.

गुरुजी म्हणाले, "मी वर्गात नुसतं 'खडू आणा' म्हटलं, तर कोण उठतं?" आम्ही म्हटले, "वर्गप्रमुख." "आणि एखाद्याचं नाव घेऊन सांगितलं तर?" "मग तोच जातो." गुरुजी म्हणाले, "संगणकाचंही तसंच आहे. नाव न घेता काम सांगितलं, तर ते त्यानं नेमलेल्या प्रिंटरकडं जातं. त्यालाच डिफॉल्ट प्रिंटर म्हणतात. आता वर्गप्रमुख दुसऱ्या शाळेत गेला आणि आपण नवा नेमलाच नाही, तर खडू येईल का?"

मित्रांनो, आमचे नेमके हेच झाले होते. संगणकाला डोळे नसतात. आपल्यासमोर कोणता प्रिंटर ठेवला आहे, हे त्याला दिसत नाही. त्याच्याजवळ फक्त नावांची यादी असते. त्या यादीत मामाचा प्रिंटर नेमलेला होता. आमचा नवा प्रिंटर यादीत आला, पण त्याला कोणी नेमले नव्हते. मग पहिल्या दिवशी रंगीत पान कसे आले? कारण ते दादाने नव्या प्रिंटरच्या स्वतःच्या खिडकीतून काढले होते. म्हणजे नाव घेऊन सांगितलेले काम होते ते.

आता नेमणूक कशी करायची ते पाहू. ज्यांच्या घरी विंडोज ११ आहे, त्यांनी असे करावे :

१) 'स्टार्ट' दाबून 'सेटिंग्ज' उघडा.

२) डावीकडे 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' असे लिहिलेले असते. ते दाबा. मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' दाबा. प्रिंटरांची यादी दिसेल.

३) यादीच्या खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' अशी ओळ असते. तिच्यापुढचे बटण बंद करा.

४) यादीतल्या आपल्या प्रिंटरच्या नावावर दाबा आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' हे बटण दाबा. झाली नेमणूक!

विंडोज १० असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'डिव्हाइसेस' आणि त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मिळेल. तिथे त्याच ओळीपुढची खूण काढायची. मग प्रिंटरचे नाव, 'मॅनेज' आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' असे क्रमाने दाबायचे.

तिसऱ्या पायरीतले बटण कशासाठी, असे तुम्ही विचाराल. ही सोय विंडोजमध्ये २०१५ सालच्या नोव्हेंबरमधील सुधारणेत आली. हे बटण चालू असेल तर विंडोज स्वतःच प्रिंटर नेमते. त्या जागी शेवटचे काम ज्याने केले, तोच पुढचा वर्गप्रमुख! जो माणूस संगणक घेऊन घरी आणि कचेरीत दोन्हीकडे काम करतो, त्याला ही सोय बरी पडते. पण घरच्या एका जागी ठेवलेल्या संगणकाला तिची गरज नसते, उलट घोटाळा होऊ शकतो.

तो घोटाळा कसा, तेही सांगते. यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असे एक नाव असते. तो खरा प्रिंटर नव्हे. त्याच्याकडे काम दिले तर कागद निघत नाही, संगणकातच एक फाईल तयार होते. समजा, काल दादाने त्याच्याकडून फाईल बनवून घेतली आणि ते बटण चालू होते. तर आज आईने बचत गटाचा हिशोब छापायला दिला की कागदाऐवजी संगणक विचारणार, "फाईलला नाव काय देऊ?" आईला वाटणार, आपलेच काही चुकले!

आता आमची दुसरी चूक सांगते. प्रिंट आली नाही म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलो. दिलेले काम झाले नाही तरी ते नाहीसे होत नाही. रेशनच्या दुकानासमोर पिशव्या ठेवतात ना, तशी ती कामे रांगेत थांबून राहतात. तो प्रिंटर जोडला गेला की एकामागून एक सगळी छापून निघतात. चार पाने सहा वेळा, म्हणजे चोवीस पाने! कागदही गेला आणि शाईही गेली.

नवा प्रिंटर नेमला म्हणून रांगेतली जुनी कामे आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. ती जुन्याच नावावर थांबतात. म्हणून जुन्या प्रिंटरच्या नावावर दाबून 'ओपन प्रिंट क्यू' उघडावे आणि थांबलेली कामे 'कॅन्सल' करावीत. मग आपले काम नव्याने द्यावे. आणि जो प्रिंटर घरात नाहीच, त्याचे नाव 'रिमूव्ह' दाबून यादीतून काढून टाकावे. दादाने मामाच्या प्रिंटरचे नाव असेच काढून टाकले.

कधी कधी एकाच प्रिंटरची दोन नावे यादीत दिसतात आणि एकापुढे 'कॉपी १' असे लिहिलेले असते. वायर संगणकाच्या दुसऱ्या खाचेत घातली की असे होऊ शकते. म्हणून प्रिंटरची वायर नेहमी एकाच खाचेत लावावी.

आणखी एक गोष्ट. काही प्रोग्रॅम नेमलेल्या प्रिंटरकडे न बघता, आपण त्यांच्यात शेवटी निवडलेलाच प्रिंटर पुढे करतात. म्हणून नेमणूक केली तरी छापण्याआधी वरचे नाव एकदा वाचावेच. आम्ही ते वाचले असते, तर ताईची नऊची गाडी चुकली नसती.

हे लक्षात ठेवा :

नवा प्रिंटर आणला की त्याची नेमणूक करा.
'प्रिंट' दाबण्याआधी प्रिंटरचे नाव वाचा.
प्रिंट आली नाही तर पुन्हा दाबू नका, आधी रांग पाहा.
महत्त्वाचा कागद शेवटच्या दिवशी छापायला ठेवू नका.

शेवटचा नियम आमच्या अण्णांचा आहे. तो संगणकाला लागू नाही, आपल्याला आहे!

ताईला वसतिगृहात जागा मिळाली. आजी मात्र अजून प्रिंटर चालू केला की विचारते, "आज पुण्याला तर नाही ना गेलं?"

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी